डावीकडून येणारी गाडी

शाळेच्या लुपेबाईंनी चटईवर एक रबरी चप्पल ठेवली. चप्पल लहान होती आणि तिच्यावरून चाक गेलेलं होतं.

"पाय?" माताई सेउफालेंनी विचारलं.

"पाय वेळेवर निघाला," बाई म्हणाल्या. "शाळेतला पासी गटारात पडला. तुमच्या सिनालेईनं ओढला त्याला. नाहीतर दोघंही गेली असती."

सेउफाले हे माताई, म्हणजे कुळाचे प्रमुख, शिवाय गावाच्या सभेचे प्रमुख आणि सिनालेईचे आजोबा. त्यांनी चप्पल उचलली, उलटून बघितली आणि परत ठेवली.

सरकारनं सामोआतल्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूवरून डाव्या बाजूला आणल्या, त्याला महिना झाला होता. पोरांना नवा धडा पाठ होता: आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे. तो खुद्द सेउफालेंनीच शाळेच्या अंगणात शिट्टी वाजवून शिकवला होता. पोरं शहाण्यासारखी उजवीकडे बघत, आणि वळणावरून कुणीतरी जुन्या सवयीनं, जुन्या बाजूनं, डावीकडून अंगावर येई.

"गाडी कसली होती?"

"पिकअप," बाई म्हणाल्या.

"रंग?"

"सकाळचा सूर्य डोळ्यांवर होता, माताई."

पाववाल्याला विचारलं. त्याच्याही डोळ्यांवर सूर्य होता. चर्चच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवरही होता, आणि चर्चचं तोंड पश्चिमेला आहे. सेउफालेंना स्वतःला ती गाडी कधी दिसली नव्हती. सकाळी ते डोंगरावर अळूच्या मळ्यात असत. गाडीत पोती भरून खाली येत तेव्हा शाळेची पोरं रस्ता सोडून बाजूला उतरत, माना खाली घालत. एवढी रीतभात अजून उरली होती, म्हणून तर जीव तुटत होता.

संशय इओसुआवर होता. तो अमेरिकन सामोआतल्या पागो पागोहून नुकताच परतलेला. तिकडे गाड्या अजून उजवीकडूनच चालतात. शिवाय त्याचे केस लांब होते.

"वळणावरची गाडी तुझी?" सेउफालेंनी भर सभेत विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं, माताई."

"मी म्हणतो तसं नको. खरं सांग."

इओसुआनं पायाच्या अंगठ्यानं चटईची कड दाबली. "माझी नाही."

"मग कुणाची?"

कुणीतरी खोकलं. इओसुआ म्हणाला, "ज्याची असेल त्याला ठाऊक नसावं. ठाऊक असतं तर त्यानं असं केलं नसतं. लेकरांवर जीव आहे त्याचा."

"चोराची वकिली करू नकोस," सेउफाले म्हणाले आणि त्याच्या गाडीची किल्ली जप्त केली. पुन्हा असं घडलं तर दंड म्हणून डुकरं, माशांच्या डब्यांची खोकी, आणि वर गावाबाहेर. सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची गावात पद्धत नव्हती.

दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा आली. सेउफाले मळ्यातून परतले तर सिनालेई पायरीवर बसलेली, दोन्ही गुडघे फुटलेले.

"तीच गाडी?"

तिनं मान डोलावली.

"कोण होतं आत?"

"सूर्य होता," ती म्हणाली.

पोर रात्री दचकून उठायला लागली. झोपेतच 'डावीकडे, पासी, डावीकडे' म्हणायची. सेउफाले तिच्या उशाशी बसून राहत आणि गटारातलं पोर डोळ्यांपुढून हलत नसे. इओसुआकडे दुसरी किल्ली असणार, चोराकडे असतेच, असं त्यांनी ठरवलं आणि मळ्याला सुट्टी दिली.

आता रोज सकाळी माताई शाळेसमोर उभे राहू लागले. कमरेला चांगली लुंगी, गळ्यात शिट्टी, हातात काठी. वळणामागे इंजिन घुरघुरलं की ते काठी आडवी धरत. बस येई, पाववाला येई, सगळे शिस्तीत नव्या बाजूनं. पोरं पलीकडे गेली की ते कुणाला दिसणार नाही असा श्वास सोडत. हातातला कोको गार होऊन जाई.

ती गाडी मात्र आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. आठवडा सरला तशी पोरं रस्त्यावर गाणी म्हणू लागली. लुपेबाई हसल्या. इओसुआसुद्धा हसला, हे सेउफालेंनी लक्षात ठेवलं.

शुक्रवारी शेवटचं पोर पलीकडे गेलं. सिनालेई मात्र आजोबांचा हात सोडेना.

"जा. घंटा होईल."

"आजोबा, सोमवारी तुम्ही इथं असाल ना?"

"सोमवारी मळ्यात जायला हवं. अळू कुजायला लागलंय."

तिनं हात आणखी घट्ट धरला.

"आता कशाला भ्यायचं?" ते तिच्यापुढे उकिडवे बसले. "बघितलंस ना, मी उभा राहिलो आणि ती गाडी फिरकलीसुद्धा नाही. घाबरलाय तो मला."

"घाबरला नाही तो."

"मग का नाही आला?"

सिनालेईनं लुपेबाईंकडे बघितलं. बाई घाईघाईनं आभाळ बघू लागल्या. पलीकडे पासी एका पायात नवी चप्पल आणि एका पायात जुनी घालून तिची वाट बघत उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग मान खाली घातली. आजोबांपुढे घालायची असते तशीच, अदबीनं.

"आजोबा, तुम्ही इथं उभे असलात की ती गाडी चालवायला कुणी नसतं."