उरलेला स्पेसर

लेकीच्या बीएमएक्स सायकलची पेडलं कुरकुरत होती, म्हणून आईने स्पर्धेच्या आदल्या दिवशी स्वतः नवी बेअरिंग बसवून दिली. लेक स्पर्धेला गेल्यावर टेबल आवरताना तिने फडकं उचललं आणि काळजात धस्स झालं. स्पेसर, म्हणजे दोन बेअरिंगच्या मध्ये बसणारी नळी, फडक्याखाली तशीच पडली होती! आता बेअरिंग दाबली जाणार आणि ऐन उडीत पेडल अडकणार.

लेक फोन उचलेना. आई तशीच अनवाणी धावत सुटली. ती मैदानात पोचली तेव्हा लेक उतारावरून निघालेली होती.

"थांब गं!" आई जिवाच्या आकांताने ओरडली. सायकल हवेत उंच गेली आणि आईने डोळे गच्च मिटले.

"आई? अगं, चपला कुठायत तुझ्या?" लेक समोर उभी होती, धडधाकट.

आईने नळी पुढे केली. "ही आत घालायची राहिली गं."

"माहितीये. सकाळी पेडल फिरवलं तेव्हाच कळलं. ही सापडेना, म्हणून दुसरी घातली."

"मग मला बोलली का नाहीस?"

 

"बोलले असते, तर तू परत कधी पान्याला हात लावला असतास?"