नथूची भुकटी

“काढा दाढ,” म्हणून मुनीराबाईंनी तोंड उघडलं, आणि पौडच्या बाजारात नथूच्या पथारीभोवती गर्दी जमली. अठ्ठावन्न साली तालुक्याला एवढी एकच डॉक्टरीण, आणि ती रस्त्यावरच्या दातवाल्यापुढं बसली होती!

दाढ खरोखरच किडली होती. पण बाईंना इथं आणलं होतं ते कुतूहलानं. नथूनं दात काढला तर दुखत नाही, असं अख्खा मुळशी तालुका सांगे. मात्र त्याच्याकडून उठलेली माणसं छाती धडधडते म्हणून दवाखान्यात येत. गेल्या बाजारी भरे गावचा कुशाबा तर छातीत कळ येऊन कोसळला. कसाबसा वाचला. नथू काय लावतो, ते कुणालाच सांगता येईना.

नथूनं पुडी सोडली. पांढऱ्या भुकटीची चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली, थोडा थांबला आणि मग बाईंच्या हिरडीला चोळली. हिरडी बधिर झाली. पाठोपाठ जीभही. दाढ केव्हा निघाली ते बाईंना कळलंच नाही. त्या आपली नाडी मोजत होत्या. येताना ठोके बहात्तर होते. आता एकशे दहा.

कॉलेजात डोळ्याच्या ऑपरेशनआधी डोळा बधिर करायला घालत, ते थेंब त्यांना आठवले.

“हे कोकेन आहे, नथूभाऊ. कुठून आणता?”

“मुंबईस्नं. नाव ठावं न्हाई. बा आनायचा, आता मी आनतो.”

“यानं हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात. कुशाबांचं हृदय आधीच अधू. मरता मरता वाचले ते.”

“माज्यामुळं?” नथूचा चेहरा पडला. त्यानं पुडी बांधून बाईंच्या हातात दिली. “घ्या. लोकं वरडली तरी चालंल. आता न्हाई लावायचो कुनाला.”

बाईंचं समाधान अजून झालं नव्हतं. “पण आधी स्वतःच्या जिभेवर का ठेवता?”

“भेसळ असली तर आदी मला कळावी. गिऱ्हाइकाला तरास नगं. माजा बा बी दर गिऱ्हाइकाला असंच करायचा.”

“कुठं असतात वडील?”

“गेला की. हितंच, दात काडता काडता. छाती धरली अन् आडवा झाला. चाळिशीबी गाठली न्हवती. कुनाची तरी नजर लागली, म्हनले समदे...”

बोलता बोलता नथू थांबला. त्याचा हात सावकाश स्वतःच्या छातीवर गेला.