उजव्या चाकातली खटखट

गाडीखालून अर्वचे फक्त पाय दिसत होते.

टेगन मार्नीला कडेवर घेऊन शेडच्या दारात उभी होती. तिचा नवरा डार्सी जॅकपाशी उकिडवा बसून बापाला चिकटपट्टी फाडून देत होता.

"झालं," अर्व खालून म्हणाला. "एक्सलचं फाटलेलं रबर घट्ट गुंडाळलंय, आत ग्रीस कोंबलंय. आता निभावेल ती ब्रोकन हिलच्या दवाखान्यापर्यंत."

"रबराचं काय घेऊन बसलात, अर्व? आतला सांधा गेलाय. फाटक्यातून इतके दिवस वाळू खातोय तो. वळवली की खटखटतो. अख्खा एक्सल बदला म्हणून मी कधीची सांगतेय."

"अगं पोरी, खटखटतोय म्हणजे जिवंत आहे! गप्प झाला की मग रड." म्हातारा सरपटत बाहेर आला, जॅक उतरवला, पाठीची लाल माती झटकली. "ह्या पट्टीवर आणि कुंपणाच्या तारेवर माझी जुनी गाडी पार क्वीन्सलंडला जाऊन आली. तुम्हा शहरातल्या पोरींना जरा कुरकुरलं की नवंकोरं पाहिजे."

डार्सी हसला. म्हाताऱ्याच्या बोलण्यापेक्षा ते हसू तिला जास्त झोंबलं.

उद्या मेंढ्या कातरणारे येणार होते, तेव्हा बापलेकांपैकी कोणी हलणार नव्हतं. दवाखान्याची फेरी टेगनचीच. जानेवारीचं, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याचं ऊन, कच्चा रस्ता, फोनला रेंज नाही, आणि मागच्या सीटवर धाप लागणारं पोर.

"मध्येच तुटला तर?"

"निभावेल गं ती," डार्सी म्हणाला.

"कोण?"

"कोण म्हणजे?"

"ती म्हणजे कोण? गाडी, मी, की मार्नी?"

डार्सीनं बापाकडे पाहिलं. पंप असो, ट्रक असो, अडलेली बाळंतीण असो, इथल्या पुरुषांच्या तोंडी सगळ्यांना 'ती', आणि सगळ्यांवर उतारा एकच, 'निभावेल ती'. मार्नीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हाही टेगननं तो ऐकला होता, दाराआडून.

"झोप नाही झालेली हिची," अर्व मुलाला म्हणाला, जणू ती तिथं नव्हतीच. "जा, चहा टाक हिला."

टेगननं मार्नीला डार्सीच्या ग्रीसभरल्या हातांत दिलं. "धर."

"कुठं निघालीस?"

ती गाडीत बसली. शेडमधून मागे घेऊन मोकळ्या अंगणात आणली, स्टिअरिंग डावीकडे पार टोकाला पिळलं आणि पाय दाबला.

खट. खट. खटखटखट. गाडी जागीच गरगरू लागली. धुरळा उठला. एक फेरा, दुसरा, मग मोजणार कोण. आवाज आता पायाखालच्या पत्र्यातून तिच्या दातांत शिरत होता. धुरळ्यातून अर्वचे हात दिसायचे, नाहीसे व्हायचे.

"अगं ए! मोडशील तिला!"

तिनं पाय आणखी दाबला.

कडाड झालं. गाडी एकदा उडाली आणि थांबली.

"लावलीस वाट!" अर्व ओरडत आला. "धडधाकट गाडी होती!"

डार्सी मार्नीला छातीशी धरून धावत खिडकीशी पोचला. "बंद कर! टेगन, बंद कर ती!"

टेगननं पाय उचलला नाही. इंजिन बोंबलत होतं, तुटलेला एक्सल नुसताच फिरत होता, गाडी तसूभर हलत नव्हती, आणि समोरचा वेगाचा काटा चढत चढत साठावर गेला होता.

"वाक, बघ," ती म्हणाली. "साठचा वेग आहे. सांग, कुठं पोचलो मी नि मार्नी?"