सुगीतलं बहुमत

औत सोडून प्रांताच्या सभागृहात आलेला तो पहिलाच पुढारी. त्याच्या पक्षाचे आमदारही, अगदी सख्ख्या काकांसकट, सगळे शेतकरीच. वर्षानुवर्षं घसा कोरडा करून त्याने आणलेलं धान्याच्या रास्त भावाचं विधेयक आज मतदानाला होतं. सगळे हजर असले तरच ते तरणार होतं, आणि मागचे बाक रिकामे! धापा टाकत तो आमदारांच्या मुक्कामी पोचला, तर एकूण एक खोलीला कुलूप.

"अरे, एक तरी माणूस दाखव रे!" पहारेकऱ्यासमोर तो रडकुंडीला आला.

"आभाळ भरून आलं ना साहेब, उभं पीक भिजेल म्हणून सगळे पहाटेच गावी पळाले. तुमच्या काकांनी निरोप ठेवलाय."

"काय?"



"'तुझंही शेत आम्हीच कापतो. तू निवांत मत दे!'"