टोचणी

कर्जतला प्लेग आला तेव्हा रेल्वेच्या चाळीतल्या ख्रिस्ती माणसांनी पाद्रींना विचारलं, “फादर, प्लेगची लस टोचून घेणं पाप हाय का?” टोचणं म्हणजे देवावरचा विश्वास सोडणं, असं म्हातारी माणसं म्हणत. त्यांना दुखवायला नको म्हणून पाद्री म्हणाले, “प्रार्थना करा.” पंधरवड्यात रुळांचे सांधे बदलणारा इनास प्लेगनं गेला. प्रेताला कुणी शिवेना, तेव्हा पाद्रींनीच माती दिली. त्याच्या बायकोनं त्यांचा हात डोळ्यांना लावला. “तुमाला काय होत नाय, फादर. देवाची कृपा हाय.” “कृपा नाही, रेमेत. मी मुंबईत टोचून घेतलंय,” पाद्री कसेबसे म्हणाले. मग तिनं धाकटी लेक पुढं केली. “हिला तरी टोचून आणा.” मुलीला घेऊन पाद्री निघाले. “कुठं निघालात, फादर?” दारादारात लोक विचारत होते. पाद्री मान खाली घालून प्रत्येकाला खरं सांगत होते.