दुसऱ्या कडव्यातली गाडी

गाडी गल्लीत वळली तेव्हाच वदीने कॉफीचा कप खाली ठेवला. तिसऱ्या मजल्यावर, बंद खिडकीआडूनही त्याने तो आवाज ओळखला. आधी घुरघुर, मग एकदम वर चढलेला सूर. दर डिसेंबरात तो हा आवाज ऐकत आला होता. सगळं बैरूत ऐकत आलं होतं. फक्त तो गाडीचा आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याची बायको ओदेत हिने तरुणपणी एक नाताळचं गाणं गायलं होतं. ध्वनिमुद्रण वदीनेच केलं होतं, शहरातल्या हमरा भागात, तळमजल्यावरच्या स्टुडिओत, उकाड्यामुळे खिडकी उघडी ठेवून. पहिल्या वर्षी गाण्याला कुणी विचारलंही नाही. मग लढाई सुरू झाली आणि तळघरांत लपलेल्या लोकांनी ते पोरांना गप्प करायला गायलं. तेव्हापासून त्याच्याशिवाय इथला नाताळ होत नाही. दुसऱ्या कडव्यात मागे एक घरघराट ऐकू येतो. बाळ येशू जन्मला तेव्हा आभाळ गडगडलं ते हे, असं रेडिओवाले दरवर्षी भक्तिभावाने सांगतात.

"परत गाऊन घेऊ," असं तेव्हा सगळे म्हणाले होते. वदीने घेतलं नाही. आवाज असाच राहू दे, म्हणाला. लोकांना वाटलं, कलाकार माणूस आहे. खरं म्हणजे त्याला तो पुरावा म्हणून हवा होता.

दारात मारून नावाचा पाहुणा उभा होता. जुन्या शर्यतीच्या गाड्या जमवणारा, तिशीतला, चांगल्या घरचा मुलगा. फोनवर त्याने नुसतं "गाण्याबद्दल बोलायचंय" एवढंच सांगितलं होतं. ओदेतने मात्र सकाळपासून कानांत मोत्याचे डूल घातले होते. कशासाठी? वदीने विचारलं नव्हतं. पन्नासेक वर्षं त्याने काहीच विचारलं नव्हतं.

"वदीकाका, तुमच्या गाण्यात माझी गाडी आहे," मारून बसता बसता म्हणाला.

"ते आभाळ आहे," वदी म्हणाला.

"चेष्टा करताय गरिबाची! बारा सिलिंडरचं इटालियन इंजिन आहे ते. अशी गाडी त्या वेळी बैरूतमध्ये एकच होती. एमील नावाच्या माणसाची. तिकडे ब्राझीलला, साओ पावलोत वारला बिचारा. त्याच्या पुतण्याकडून घेतली मी. आवाज जुळला की ती हीच, हे सिद्ध होईल."

वदी बायकोकडे बघत होता. एमीलचं नाव घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. ओदेतने कॉफी ओतली. एक थेंब सांडला नाही. तेही त्याला खटकलं.

"एक गोष्ट मात्र मजेशीर आहे, ओदेतकाकू," मारून म्हणाला. "मी ते कडवं शंभरदा ऐकलंय. गाडी येते, पण जात नाही. तिथेच थांबते. खिडकीबाहेर."

"शहर होतं ते. गाड्या थांबायच्याच," ओदेत म्हणाली. "चल, दाखव बघू तुझी राणी."

तिघं खाली उतरले. गाडी लाल, बुटकी, फुटपाथला चिकटून बसलेली. गल्लीतली चार माणसं भोवती जमली होती.

"थांबा, दार मी उघडतो. याचा खटका सापडत नाही," मारून म्हणाला. "मला स्वतःला दोन दिवस लागले."

ओदेतने हात पुढे केला. तिने गाडीकडे पाहिलंही नाही. काचेच्या कडेखाली बोट सरकवलं, दाबलं, आणि दार उघडलं.

मारून हसला. "नशीब बघा!" असं म्हणत तो पुढचं झाकण उचलून इंजिनात वाकला.

वदीने ते बोट पाहिलं. इतकी वर्षं त्याला नुसता संशय होता. संशयासोबत राहता येतं. संशय आपल्यासोबत सकाळी उठून दाढी करतो, बाजारात जातो, नाताळला पाहुण्यांना गाणंही लावून दाखवतो. आता खात्री झाली, तिचं काय करायचं, हे त्याला कळेना. ओदेत आत बसली होती, चालकाच्या शेजारच्या आसनावर. तो दारापाशी वाकला.

"तो तुला न्यायला आला होता," वदी म्हणाला. प्रश्न नव्हताच तो.

"हो. मीच बोलावलं होतं," ती म्हणाली. "पर्समध्ये पासपोर्ट होता. तुला कधी कळलं?"

"संशय तर आवाज थांबला तेव्हाच आला."

"आणि एवढी वर्षं तोंड शिवून बसलास? गाढवा!"

"विचारलं असतं आणि तू खरं सांगितलं असतंस तर?"

तिने कानातला एक डूल चाचपला. पुढे मारून कुणाला तरी इंजिनाचं कौतुक सांगत होता.

"गाणं संपलं तशी मी बाहेर आले," ती म्हणाली. "याच जागी बसले. कोपऱ्यापर्यंत गेले. मग उतरले आणि चालत परत आले. तू कानांवर हेडफोन लावून माझं गाणं पुन्हा ऐकत होतास. मी गेले होते हेसुद्धा तुला कळलं नव्हतं."

वदीला ते आठवत होतं. तो गाणं ऐकत नव्हता. पुन्हा पुन्हा तो घरघराट ऐकत होता. पण हे त्याने सांगितलं नाही.

"पण का उतरलीस?" त्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "कोपऱ्यावर असं काय झालं?"

"काही नाही रे. मी त्याला विचारलं, कसं झालं गाणं?" ओदेत म्हणाली. "तो म्हणाला, कुठलं गाणं?"