संत ओर्लिनची पेटी

“चारला लिमोजहून नवे फादर येतायत, आमच्या फादरांच्या पापांची शेवटची कबुली ऐकायला,” घर सांभाळणारी सोलांज जिन्यातच वाट अडवून म्हणाली. “त्याच्या आत काय ते बोलून घ्या. आणि दमवू नका त्यांना.”

“मी कशाला दमवू?”

“तुमची पुस्तकं वाचून मी दमले, म्हणून म्हटलं. त्या शेवटच्यातला तो पाद्री! कबुलीत ऐकलेलं वर्तमानपत्राला विकतो म्हणे. अहो, दारुड्यातला दारुडा पाद्रीसुद्धा ते करणार नाही. मान कापली तरी नाही.”

“ते चुकलंच माझं,” फाब्याँ म्हणाला. ते मात्र त्याने मनापासून म्हटलं. ते प्रकरण लिहिताना त्याला रात्र रात्र झोप नव्हती.

बाकीच्या थापांनी त्याची झोप कधी मोडली नव्हती. मठाच्या भिंतीत चिणलेली शुभवर्तमानाची पोथी, कार्डिनलच्या अंगठीतलं विष, क्रूसामागे लपवलेला नकाशा. असल्या जुन्या धार्मिक रहस्यांच्या कादंबऱ्यांवर त्याने पॅरिसात घर केलं. पण लोकांना तेच तेच किती दिवस पचणार? मागची दोन पुस्तकं सपशेल आपटली. प्रकाशिकेने कॉफीसुद्धा न विचारता सांगितलं होतं, “आता खरं काही असेल तर ये.”

‘खरं काही’ म्हणजे ओर्लिनची पेटी. या गावच्या संत ओर्लिनच्या अस्थी सोन्याच्या पेटीत आहेत. दर सात वर्षांनी ती बाहेर काढतात आणि सगळं गाव तिच्यामागे अनवाणी चालतं. पेटी उघडायचा हक्क एकट्या गावच्या फादरना. अस्थी तपासायची परवानगी मिळावी म्हणून फाब्याँने बिशपच्या कचेरीचे उंबरठे झिजवले, पेपरातही गाजावाजा केला. अन् परवा अचानक फादर मेसांदांचाच फोन आला. “मी फार दिवसांचा नाही. पेटीचं तुला सांगतो. एकटा ये.”

मेसांद म्हणजे त्याचे गुरू; गाव सांभाळून ते पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवायला जात. पंधरा वर्षांपूर्वी तो पाठ फिरवून पॅरिसला निघून गेला, तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

खोलीत औषधांचा वास कोंडला होता. म्हातारे उशांना टेकून बसले होते, कातडी अगदी कागद झालेली.

“जाड झालास रे,” ते म्हणाले. “थापा मानवल्या.”

“तुम्ही वाचता?”

“सोलांज मोठ्याने वाचते आणि मध्येमध्ये शिव्या देते. बस. आधी तो फोन बंद कर.”

फाब्याँने फोन बंद केला, खिशात घातला, बंद झाला ना म्हणून पुन्हा काढून पाहिला. तेवढ्यात म्हाताऱ्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. आजारी माणसाची प्रार्थना, दुसरं काय. फाब्याँचं लक्ष घड्याळाकडे होतं.

“मी इथे नवा होतो,” मेसांदांनी सुरुवात केली. “पहिल्या मिरवणुकीआधी पेटी उघडली. आत गवत. नुसतं गवत, फाब्याँ. एक हाड नाही. बहुधा कधीच नव्हतं.”

फाब्याँ खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. “मग? आत्ता आत काय आहे?”

“त्याच्या काही वर्षं आधी गावातल्या एका पोरीने नदीत जीव दिला होता. सोळा वर्षांची. आत्महत्या पाप म्हणून माझ्या आधीच्या फादरांनी तिला दफनभूमीत जागा दिली नाही. भिंतीबाहेर, काट्याकुट्यांत पुरली. मी तिला उकरून आणली. एकट्याने. धुतली, रेशमात गुंडाळली आणि पेटीत ठेवली.”

“तेव्हापासून हे लोक तिच्यापुढे...”

“गुडघे टेकतात. ज्यांनी तिला भिंतीच्या आत येऊ दिलं नाही तेच.”

“नाव काय तिचं?”

म्हाताऱ्यांनी दाराकडे पाहिलं. खाली भांडी वाजत होती. “यव्हेत. सोलांजची थोरली बहीण.”

फाब्याँने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“ती दरवेळी पेटीच्या पुढे चालते,” मेसांद म्हणाले. “बहिणीच्या आत्म्याला देवाने थारा द्यावा म्हणून ओर्लिनकडे रडते. इतकी वर्षं मी ते बघतोय. दहा वेळा सांगायला तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. मी पापी आहे, भित्रा आहे. हे सगळं माझ्या डोक्यावर आहे.”

त्यांना रडू फुटलं. फाब्याँने त्यांचा हात धरला. त्याला खरोखर वाईट वाटलं. पण माणसाचं मन मोठं लबाड. हात धरल्या धरल्याच त्याला पुस्तकाचं पहिलं वाक्य सुचलं. सोलांजच्या रक्ताच्या एका थेंबाने सगळं सिद्ध होणार होतं. प्रकाशिका आता कॉफीच काय, शॅम्पेन फोडणार होती. सोलांजचं काय होईल, हा विचारही आला. तो त्याने बाजूला सारला. खरं ते खरं.

चर्चच्या घंटेने चारचे ठोके दिले. फाब्याँ लगबगीने उठला.

“निघतो मी. लिमोजचे फादर येतील.”

“कुणी येणार नाही. सकाळीच त्यांना नको म्हणून कळवलं.”

“मग तुमची कबुली?”

“झाली की.”

मेसांदांनी उशीखालून पाद्री कबुली ऐकताना गळ्यात घालतात तो जांभळा पट्टा काढला आणि फाब्याँच्या हातात दिला.

“बिशपांनी तुझ्या तळहातांना तेल लावून तुला फादर केलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तू चर्च सोडलंस, बाळा. पण ते तेल धुऊन जात नाही. चर्च सोडून गेलेल्या फादरलाही मरणाऱ्याची कबुली ऐकता येते. मीच शिकवलंय तुला.”

खालून सोलांज ओरडली, “झालं का तुमचं? सूप गार होतंय!”

म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या विद्यार्थ्यापुढे मान खाली घातली.

“आता मला क्षमा करा, फादर.”